गाडी थंड होईपर्यंत

उन्हं तापायला लागली की मी गाडीच्या लेग गार्डवरचं रेक्झीन काढून टाकते. थंडीत ते गुडघ्यांना वारा लागू देत नाही म्हणून बरं असतं, पण उन्हाळ्यात तेच इंजिनाचा वारा अडवतं. आमच्याकडच्या बहुतेक दूधवाल्यांच्या गाड्यांवर ते बारा महिने तसंच असतं, आणि मग हेच लोक मे महिन्यात रस्त्याच्या कडेला इंजिनाशेजारी उकिडवे बसलेले दिसतात. आमच्यासारख्या साध्या मोटारसायकलला पाण्याची टाकी नाही, पंखा नाही. ती वाऱ्यावर थंड होते आणि वारा मिळतो तो पळताना. उभी राहिली की तापते. एवढं समजलं की बाकीचं सोपं आहे. इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांमध्ये चिखल आणि शेण साचू द्यायचं नाही. ऑइल काळं होण्याची वाट न बघता बदलायचं. अर्ध्या क्लचवर रांगायचं नाही, पुढची वाहनं अडकली की चावी फिरवायची. आणि तापलेल्या इंजिनावर पाणी ओतायचं नाही, कोणी कितीही प्रेमानं बाटली पुढे केली तरी.

हे सगळं मला मालकांनी शिकवलं. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या भागात बायका तसंच म्हणतात आणि मला त्यात बदल करण्याची गरज कधी वाटली नाही.

मालकांनी लग्नाच्या आधीपासून दुधाची लाइन केली. आमची वस्ती सोनई आणि घोडेगावच्या मध्ये आहे. आजूबाजूच्या वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि केंद्रावर नेऊन टाकायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. किटल्या अडकवायला मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा लागतो. आमच्या गाडीवर तो बसवताना उजवीकडचा हूक सायलेन्सरच्या गार्डला घासत होता. गार्ड म्हणजे सायलेन्सरवरचा पत्रा. मागं बसणाऱ्याचा पाय भाजू नये म्हणून तो गाडीबरोबरच येतो. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "काढू का?"

"काढ," मालक म्हणाले. "मागं कोन बसनार हाय? किटल्याच बसनार."

गार्ड निघालं आणि आमच्या गोठ्यात गव्हाणीखाली जाऊन पडलं. मी बसायचे तेव्हा बायका बसतात तशी, दोन्ही पाय डावीकडे टाकून. सायलेन्सर उजवीकडे. त्यामुळे माझं काही अडलं नाही.

उन्हाळ्यात उजव्या किटलीतलं दूध डावीच्या आधी नासायचं. खाली उघडा सायलेन्सर, मग दुसरं काय होणार. मालक त्या किटलीला ओलं गोणपाट गुंडाळायचे आणि वाटेतल्या हापशावर ते पुन्हा भिजवून घ्यायचे. सायलेन्सरची धग दुधाला लागते हे आमच्या घरात लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

मग एका उन्हाळ्यात गाडी फारच तापायला लागली. ओढायची नाही. केंद्रावरून परत येईपर्यंत खालून करपल्यासारखा वास यायचा. मालकांनी ऑइल बदललं, प्लग बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला. फरक पडेना. शेवटी घोडेगावला गॅरेज आहे तिथे आम्ही दोघं गेलो. तो मेकॅनिक माझ्या माहेरचा, जामखेडकडचा. त्यामुळे मी आक्का आणि मालक दाजी.

"जय भीम, दाजी. काय म्हनती म्हातारी?" तो गाडीला म्हातारी म्हणायचा. त्यानं इंजिनाजवळ हात नेला, मग मागच्या चाकाजवळ नेला आणि लगेच ओढून घेतला. पाण्यात बोटं बुडवून त्यानं चाकाच्या मधल्या ड्रमवर शिंतोडे मारले. चर्र झालं.

"इंजिनाचं काय न्हाई, दाजी. ब्रेक जळतोय तुमचा. पाय ठिऊन चालवता का काय ब्रेकवर?"

मालक भडकले. "तू चड्डीत हुतास तवापासून चालवतोय मी गाडी. ब्रेकवर पाय ठिवीन व्हय?"

"मग भूत ठिवत आसंल."

परत येताना मी त्यांच्या खांद्यावरून वाकून खाली बघत बसले. फाटा सोडला नाही तोच उजवा पाय पुढे सरकला आणि ब्रेकच्या पट्टीवर जाऊन बसला. नुसता टेकलेला नव्हता, दाबलेला होता.

"अहो, पाय ब्रेकवर आहे."

"कुठंय? खाली हाय."

"बघा तर."

त्यांनी खाली बघितलं. गाडी कडेला घेतली. पाय उचलला, परत ठेवला, परत उचलला. "कळत न्हाई," म्हणाले. "ठिवलाय का न्हाई, कायच कळत न्हाई."

साखरेचा आजार त्यांना होता हे माहीत होतं. त्यावर ते कारल्याचा रस प्यायचे, गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायचे आणि चहा कमी गोड करून जास्त वेळा प्यायचे. नगरच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून पायाला एक बारीक तार लावत नेली. "लागतंय का?" विचारलं. तार नडगीच्या मध्यावर येईपर्यंत मालक "न्हाई" म्हणत होते, आणि मी समोर बसून बघत होते. डॉक्टर म्हणाले, पायाच्या नसा गेल्या, दोन्ही पायांच्या. त्या परत येत नाहीत. गाडी चालवायची नाही, अनवाणी फिरायचं नाही, रोज रात्री तळवे बघायचे.

दुधाची लाइन बंद करणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी गाडी शिकले. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला, त्यावर मालकांचा जुना शर्ट. शेतातल्या वाटेवर मी गाडी घेऊन डुचमळत जायचे आणि मालक बाजेवरून ओरडायचे, "क्लच सोड! सोड म्हन्तो ना! आगं, गाय न्हाई ती, कासरा वढल्यावानी काय वढती?"

माझे धाकटे दीर बांधावर उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, आता मिशा बी ठिवा."

"ठेवते की. तुम्ही साडी नेसा आणि माझ्या गाईंच्या धारा काढा."

ते पुन्हा बांधावर उभे राहिले नाहीत. आणि मला गाडी चांगली जमली. गिअर टाकताना आवाज होईना, किटल्या हिंदकळेनात. मालकांनी हळूहळू सगळं सांगितलं, जे त्यांना सांगायला दुसरं कोणी नव्हतं. इंजिन खूप तापलं की आधी न्यूट्रल पडेनासं होतं. मग वरून टकटक आवाज यायला लागतो, शिवणयंत्रासारखा. मग ओढ जाते. तोपर्यंत थांबलं नाही तर आत पिस्टन फुगून धरतो आणि चाक जागच्या जागी जाम होतं. "टकटक आली की थांबायचं," ते म्हणायचे. "कुटं बी जायचं आसू दे. कुनी मरायला का टेकलं आसंना, थांबायचं."

मला त्यांच्या मागं बसायची सवय होती, त्यांना माझ्या मागं बसायची नव्हती. नगरला तपासणीला जायचं असलं की ते आधी काठी टेकत रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीपर्यंत चालत जायचे आणि वस्तीवरची घरं दिसेनाशी झाली की तिथे बसायचे. बायकोच्या मागं बसलेलं लोकांनी बघू नये म्हणून. ज्याला पाऊल कुठं पडलं ते कळत नाही असा माणूस दगडधोंड्यांतून चालायचा, पण त्यावर मी वाद घातला नाही. मोरी काही फार लांब नव्हती.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी डोळे दाखवायला नगरला निघालो होतो. साखरेनं डोळ्यांचीही खराबी होते म्हणून वर्षातून एकदा बोलावतात. सकाळचं दूध टाकून, किटल्या उतरवून निघेपर्यंत ऊन वर आलं होतं. सांगाडा तसाच ठेवला, दर वेळी कोण खोलत बसणार. मालक मागं दोन्हीकडे पाय टाकून बसले, पायांत रबरी चप्पल.

पांढरीपुलापर्यंत गाडी छान पळाली. इमामपूरच्या घाटात एक कंटेनर वळणावर आडवा झाला होता. खाली-वर दोन्हीकडे ट्रक, कार, एसटी, शिंगणापूरहून दर्शन करून परतणाऱ्या जीपगाड्या. दुचाकीवाले कडेच्या मुरमातून रांगत होते. मीही घुसले. पावलापावलानं चढायचं, थांबायचं, पाय टेकायचे, परत चढायचं. चढावर दुसरा इलाज नसतो, अर्धा क्लच धरावाच लागतो. पोटऱ्यांना इंजिनाची धग लागत होती. एका ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हरनं हाक मारली, "मावशी, गाडी बाप्याला द्या की!"

"बाप्याचं पाय झोपल्यात," मालकच मागून म्हणाले. ट्रकवाला हसला. मालकही हसले.

थोडं पुढे गेल्यावर जळाल्याचा वास आला. रबराचा, उग्र.

"क्लच जळतोय तुझा," मालक म्हणाले. "बंद कर. गार हुंदे."

त्यांचं बरोबर होतं. मला न्यूट्रल सापडत नव्हतं आणि वरून बारीक टकटक सुरू झाली होती. मी गाडी एका उभ्या ट्रकच्या सावलीत घेतली, चावी फिरवली आणि डावीकडून खाली उतरून हँडल धरून उभी राहिले. मालकांना म्हटलं, उतरा, जरा पाय मोकळे करा. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चढ-उतार करायचा लई वैताग. तू धर, मी बसतो." म्हणून गाडी स्टँडवर न लावता मी तशीच तोलून धरली.

आम्ही चांगले थांबलो. घाई केली नाही. पुढची रांग हलली, मागचे लोक ओरडून पुढे गेले, तरी मी हलले नाही. एकानं पाण्याची बाटली दिली, "ओता वरून." मी ते पाणी मालकांना प्यायला दिलं. वास काही वेळ येत राहिला, मग कमी झाला. इंजिनाजवळ हात नेऊन बघितला आणि तो धरवला तेव्हाच किक मारली. टकटक गेली होती. गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली आणि मालकांनी मागून पाठीवर थाप मारली. "शिकलीस."

डोळ्यांच्या दवाखान्यात दारावर लिहिलेलं होतं, चपला बाहेर काढाव्यात. मालकांनी डावी चप्पल काढली. उजवी निघेना. पाय झटकला, डाव्या पायानं रेटून बघितलं.

"बाबा, चपला बाहेर," आतून कंपाउंडर म्हणाला.

"निघंना की."

मी खाली बसले. चपलेची टाचेकडची बाजू वितळून पातळ झाली होती आणि वितळलेलं रबर टाचेला चिकटलं होतं. मालक भिंतीला धरून शांत उभे होते. मी चप्पल थोडी ओढली आणि लगेच सोडली, कारण चपलेबरोबर टाचही सुटून येत होती.

"काय झालं?" ते म्हणाले.

"हलू नका," मी म्हटलं.

घाटात त्यांचा पाय पायठेवणीवरून मागं घसरला होता आणि टाच सायलेन्सरवर टेकली होती. गाडी चालू होती तेव्हा आणि बंद केल्यावरही. बंद गाडीच्या सायलेन्सरला वारा नसतो, तो कितीतरी वेळ तसाच तापलेला राहतो. इंजिन थंड होईपर्यंत आम्ही थांबलो आणि तेवढा सगळा वेळ टाच तिथे होती. मी डावीकडे उभी होते. मधे सांगाडा होता. क्लच जळतच नव्हता.

दुसऱ्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी, चप्पल कापून काढली. त्यांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं. भाजलं खोल आहे, टाचेच्या हाडाच्या जवळ. साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही. भरली तर ठीक. चिघळली आणि वर सरकली तर पाय काढावा लागेल. दिवसाआड ड्रेसिंगला यायचं, टाच जमिनीला लावायची नाही, ताप आला तर घरी थांबायचं नाही.

"म्हंजी टाच भरली तर पाय ऱ्हातो," मालक म्हणाले.

"हो."

"आन् न्हाई भरली तर जातो."

"हो, बाबा."

मालकांनी मान हलवली. दुधाचा भाव ऐकल्यावर हलवायचे तशी.

घरी आल्यावर मी गव्हाणीखालून गार्ड शोधून काढलं. त्यावर गंज चढला होता. दगडानं घासलं, वेल्डिंगवाल्याकडे नेलं, उजवीकडचा हूक कापायला लावला आणि गार्ड परत बसवून घेतलं. त्यावर आणखी एक पत्रा आडवा लावला, घमेल्याच्या कडेसारखी वर उचललेली कड ठेवून, म्हणजे पाय घसरला तरी अडेल. उजवी किटली गेली. मी एका किटलीवर जास्त फेऱ्या मारायला लागले.

दिवसाआड आम्ही नगरला जात राहिलो. एसटीनं जायचं तर स्टँडवर चढ-उतार आणि पुढे चालणं, ते बसत नव्हतं. उजवा पाय टॉवेलात गुंडाळून त्या पत्र्याच्या कडेत ठेवायचा. मोरीपर्यंत चालायचा प्रश्न मिटला. आता मालक दारातूनच मागं बसायचे आणि बघणाऱ्यांकडे न बघता नाकासमोर बघायचे. गाडी कुठेही थांबली की मी मागं न वळता विचारायचे, "पाय?"

ते खाली वाकून बघायचे आणि सांगायचे, "हाय." जाणवून सांगता येत नव्हतं, बघूनच सांगावं लागायचं. कधी वैतागायचे. "आगं हाय, कुटं पळून चाललाय." पण बघायचे. सिग्नलला, टोलजवळ, घोडेगावात कांद्याच्या टेम्पोंमागं, घाटात. बाजूचे लोक बघायचे, ही बाई सारखं पाय पाय काय करते म्हणून.

टाच भरायला लागली होती. कडेनं गुलाबी कातडी आत सरकत होती. ड्रेसिंग करणारी सिस्टर म्हणायची, "बाबा, नशीबवान हाये तुमी." मालक मला म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात गाडी मीच चालवीन बघ." ते होणार नव्हतं.

मग एका दुपारी त्यांना थंडी वाजून ताप आला. कशानं ते कळलं नाही. माशी बसली असेल, पट्टी ओली झाली असेल, काहीच नसेल. पट्टी सोडली तर वास आला आणि लाली घोट्याच्या वर चढलेली दिसली. मी रुग्णवाहिकेला फोन केला. ती निघाली होती, पण घोडेगावला कांद्याचा बाजार असल्यानं रस्ता गच्च भरला होता आणि ती त्याच्या पलीकडे अडकली होती. दिरांचा पिकअप कांदे घेऊन त्याच बाजारात होता. वाट बघायची किंवा निघायचं. मी मालकांना गाडीवर बसवलं, माझी एक जुनी साडी आम्हा दोघांच्या कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली आणि निघाले. ऊन डोक्यावर होतं.

घोडेगावात टेम्पो, ट्रॅक्टर, पिकअप एकमेकांना चिकटून उभे होते, कांद्याच्या गोण्या लोंबत होत्या. नियम मला पाठ होता. अडकलं की इंजिन बंद. पण गरम गाडी बंद केली की कधी कधी लगेच सुरू होत नाही, आणि मालक बांधलेले असताना मला किका मारत बसणं जमणार नव्हतं. मी बंद केली नाही. अर्ध्या क्लचवर फटींमधून गाडी काढत राहिले. मधेच आमच्याकडे यायला निघालेली रुग्णवाहिका दिसली, समोरच्या रांगेत, तोंड आमच्याकडे. तिला वळायला जागा नव्हती. ड्रायव्हरनं हातानं खूण केली, पुढं जा.

रस्ता मोकळा झाला तेव्हा इंजिन आधीच तापलेलं होतं. वाऱ्यानं निवेल असं वाटलं. पांढरीपूल मागं पडला, घाट लागला, ट्रकांमागं परत रांगणं सुरू. पुढून पायांना इंजिनाची धग लागत होती आणि मागून पाठीला त्यांच्या तापाची. न्यूट्रल पडेना. टकटक सुरू झाली, शिवणयंत्रासारखी.

"पाय?" मी विचारलं.

 त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं होतं.

"अहो. पाय?"

"टकटक येतीय," ते म्हणाले. "थांब."

मी थांबले नाही. मागच्या वेळी याच घाटात सगळं नियमानं केलं होतं. गिअर खाली टाकला आणि तशीच रेटली. चढ संपला, उतार लागला, जेऊर जवळ आलं आणि तिथे ओढ गेली. मी ॲक्सिलरेटर पिळला तर गाडी हळूच होत गेली. मग आतून काहीतरी धरल्यासारखा आवाज झाला आणि मागचं चाक जाम झालं. बोटं आधीच क्लचवर होती, लगेच दाबला म्हणून पडलो नाही. एका ढाब्यासमोर गाडी घासत जाऊन उभी राहिली. कांदे उतरवून नगरकडे परत चाललेला एक टेम्पो मी रस्त्याच्या मध्ये उभं राहून थांबवला. मागं रिकाम्या गोण्यांवर मालकांना झोपवलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गाडीला कुलूप लावा." मी म्हटलं, "चालव."

पाय त्याच संध्याकाळी काढला, गुडघ्याच्या खाली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तरी बहुतेक हेच करावं लागलं असतं. बहुतेक हा शब्द त्यांनी टाळला नाही, ते मला बरं वाटलं.

शुद्धीवर आल्यावर मालकांनी आधी पांघरुणाकडे बघितलं. उजवीकडे ते सपाट होतं.  मग म्हणाले, "गाडी कुटंय?"

"जेऊरला. जाम झाली."

"ऑइल बघितलं हुतं का?"

"बघितलं होतं."

"टकटक आल्यावर थांब म्हन्लो हुतो."

"हो."

"मग थांबली का न्हाईस?"

"मागच्या वेळी थांबले होते," मी म्हटलं.

 तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. काढलेल्या पायाचं काय केलं ते मात्र त्यांनी विचारलं. दवाखान्यानंच नेलं, मी सांगितलं. "आसंल," म्हणाले.

गाडी मेकॅनिकनं टेम्पोत घालून आणली. इंजिन खोललं, सिलिंडर आतून घासून बोअर केला, नवा पिस्टन टाकला. जुने भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची त्यांची पद्धत असते, खरंच बदलले हे कळावं म्हणून. त्यानं जुना पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "आक्का, आता नव्यासारखी झाली. फकस्त सुरवातीला दामटू नका. गरम हुऊ देऊ नका."  दाजींचं नाव त्यानं काढलं नाही, नुसता हात पुसत उभा राहिला.

मालकांनी बाजेवर बसून तो पिस्टन हातात फिरवला. त्याच्या एका अंगाला उभे ओरखडे होते, नख घातलं तर बसेल असे. हाताच्या बोटांना त्यांच्या अजून कळतं. त्यांनी अंगठा वरपासून खालपर्यंत नेला. "लई तापली हुती," म्हणाले आणि पिस्टन खिडकीत ठेवला. तिथेच आहे अजून. दीर एकदा म्हणाले, हे भंगार कशाला ठेवलंय. मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

उजवीकडचा हूक मी परत लावून घेतला नाही, आणि गार्डही काढलं नाही. त्या बाजूला आता त्यांच्या कुबड्या अडकवायला कडी आहे. तपासणीला जाणं चालूच आहे, डोळे, साखर, किडनी, जे जे बघायचं ते. ते मागं बसतात, डावा पाय पायठेवणीवर, उजवीकडचं विजारीचं टोक वर दुमडून पिन लावलेलं. तोल राखायला त्यांनी माझा खांदा धरलेला असतो. त्यानंतर घाटात पहिल्यांदा गेलो तेव्हा ट्रक उभे होतेच. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि सवयीनं विचारून बसले, "पाय?"



"कोन्ता?" मालक म्हणाले.

"राहिलेला."

ते वाकले. खांद्यावरचा हात जड झाला. "हाय," म्हणाले. "जाग्यावर हाय."

त्या पायालाही काही कळत नाही. तिकडे सायलेन्सर नाही, पण चेन आहे, आणि खालून इंजिनाची धग येतेच. म्हणून विचारावं लागतं, आणि त्यांना दर वेळी वाकून बघावं लागतं. पुढचा ट्रक हलला तरी मी किक मारली नाही. इंजिनाजवळ हात नेऊन बघितला, अजून धरवत नव्हता.

"पाय?" मी परत विचारलं.